लंडनच्या भिंतींवर दमास्कसची फुले

लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या हॉलंड पार्क रोडवरचे ‘लेटन हाऊस’ हे व्हिक्टोरियन काळातले अत्यंत अलंकृत घर म्हणून ओळखले जाते. पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. दर्शनी भिंत लाल विटांची, साधी, थोडी कोरडीच वाटावी अशी आहे. पश्चिमेकडच्या टोकाला एक घुमट दिसतो, तेवढीच काय ती आतल्या वैभवाची खूण. दारातून आत शिरल्यावर मात्र थोड्याच पावलांवर भिंती निळ्या होतात, आणि त्याच्याही पुढे, घुमटाखालच्या दालनात, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या सीरियन आणि तुर्की टाइल्स भिंतभर फुललेल्या दिसतात. या दालनाला ‘अरब हॉल’ म्हणतात. घराची सारी कीर्ती त्याच्यावर उभी आहे, आणि ती रास्तच आहे.

घर बांधवून घेणारा फ्रेडरिक लेटन (१८३०–१८९६) हा त्या काळचा नामवंत चित्रकार. त्याचे लहानपण आणि शिक्षण युरोपभर फिरतीत झाले. १८५५ साली त्याचे पहिले मोठे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागले, तेव्हा खुद्द राणी व्हिक्टोरियाने ते ६०० गिनी देऊन विकत घेतले. पुढे १८७८ मध्ये तो त्याच अकॅडमीचा अध्यक्ष झाला. घराचे काम त्याने जॉर्ज एचिसन या वास्तुविशारदाला दिले. दोघांची ओळख १८५३ साली रोममध्ये झाली होती. १८६४ मध्ये सुरू झालेले हे घर लेटनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, टप्प्याटप्प्याने वाढत राहिले आणि प्रत्येक टप्प्याचा आराखडा एचिसननेच केला. मालक एक आणि वास्तुविशारदही एकच, असा योग इतका काळ क्वचितच टिकतो. एवढी भर पडूनही घर विस्कळीत वाटत नाही, त्याचे मोठे श्रेय या जोडीला जाते.

पहिल्या टप्प्यातले घर आटोपशीर होते आणि त्याचा जीव वरच्या मजल्यावरच्या चित्रशाळेत होता. ही चित्रशाळा मागे, उत्तरेच्या बाजूला, बागेकडे तोंड करून आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, ऊन थेट आत येत नाही, म्हणून चित्रकाराला तो सोयीचा. तिथली मोठी खिडकी त्यासाठीच. खाली स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या, मधल्या मजल्यावर जेवणाची आणि बैठकीची खोली, वर काम, असा सरळ हिशेब. चित्रासाठी बसणाऱ्या मॉडेल्सना पाहुण्यांच्या वाटेत न येता वर जाता यावे म्हणून वेगळा जिना ठेवला. भलेमोठे कॅनव्हास दारातून निघेनात, तर त्यांच्यासाठी भिंतीत उंच आणि अरुंद अशी एक फट ठेवली. एवढ्या मोठ्या घरात मालकाची झोपण्याची खोली मात्र एकच, आणि तीही साधी. लेटन अविवाहित होता. मुक्कामाला पाहुणे ठेवायची सोयच त्याने केली नाही. संगीताच्या मैफली मात्र चित्रशाळेत दरवर्षी होत, आणि व्हायोलिनवादक योआखिमसारखे मोठे कलावंत तिथे वाजवून गेले.

अरब हॉलचे वेगळेपण कळण्यासाठी त्या काळी इंग्लंडमध्ये टाइल्सचे काय चालले होते, ते पाहायला हवे. मध्ययुगात तिथल्या मठांत आणि चर्चमध्ये नक्षीदार मातीच्या फरश्या बसवत असत. नंतर ती कला जवळजवळ लोपली. १८३० साली सॅम्युअल राइट याने तशा फरश्या करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने ते हस्तगत करून प्रयोग चालू ठेवले. ओल्या मातीच्या फरशीत ठशाने नक्षी खोलवर उमटवायची, त्या खाचेत दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची, वरचा थर खरवडून सपाट करायचा आणि भाजायचे, अशी ही रीत. नक्षी वरवर रंगवलेली नसल्याने कितीही पाय घासले तरी ती पुसत नाही. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने कोरड्या मातीची भुकटी दाबयंत्रात दाबून वस्तू घडवण्याची युक्ती काढली. त्याचा रोख बटणांवर होता. मिंटनने तीच युक्ती टाइल्सना लावली. ओली माती वाळताना आकसते, वाकते; भुकटीची टाइल सरळ राहते आणि भराभर तयार होते. मग ब्रिटिश संसदेच्या नव्या इमारतीपासून मध्यमवर्गीयांच्या ओसरीपर्यंत सगळीकडे टाइल्स आल्या. त्या धुता येतात, ओल धरत नाहीत, हेही आरोग्याच्या बाबतीत जागरूक झालेल्या त्या पिढीला पटले. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधली भौमितिक नक्षीची फरशी याच लाटेतून इंग्लंडहून आलेली आहे.

या यांत्रिक सुबकतेला कंटाळलेलेही लोक होते. कारखान्यातली प्रत्येक टाइल हुबेहूब दुसरीसारखी. रंग सपाट, कडा करकरीत. त्यांना पूर्वेकडच्या जुन्या टाइल्समध्ये हाताचा स्पर्श, रंगाची खोली आणि किंचित हेलकावणारी रेषा दिसली. लेटन त्यांच्यापैकीच. १८६७ मध्ये तो तुर्कस्तानात गेला, पुढच्या वर्षी इजिप्तमध्ये, आणि १८७३ मध्ये दमास्कसला. या प्रवासांत त्याने मातीची भांडी, कापड आणि टाइल्स जमवायला सुरुवात केली. स्वतः परतल्यावरही खरेदी थांबली नाही. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाचा कॅस्पर पर्डन क्लार्क तिकडे गेला, तेव्हा त्यानेही लेटनसाठी टाइल्स मिळवल्या. दुसरा मदतगार म्हणजे रिचर्ड बर्टन. हा १८६९ ते १८७१ या काळात दमास्कसमध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत होता. त्याची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या पलटणीत गेली होती, सैन्याची मराठीची परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता आणि गोव्यावर त्याने पुस्तकही लिहिले होते. लेटनने रंगवलेले त्याचे व्यक्तिचित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. गालावरच्या भाल्याच्या व्रणासकट.

टाइल्सचा साठा एवढा वाढला की त्यांच्यासाठी जागा बांधावी लागली. १८७७ मध्ये घराच्या पश्चिम अंगाला अरब हॉलचे काम सुरू झाले. एचिसनने त्यासाठी नमुना घेतला तो सिसिलीतल्या पालेर्मो शहराजवळच्या ‘ला झिसा’ या बाराव्या शतकातल्या राजवाड्याचा. सिसिलीवर तेव्हा नॉर्मन राजांची सत्ता होती, पण कारागिरी आणि राहणीवर अरबांचा ठसा होता. मधोमध पाणी, तीन बाजूंना कोनाड्यांसारख्या खोलगट जागा, वर उंच छत, हा ला झिसाच्या दालनाचा आराखडा इथे लंडनच्या मापात उतरला.

दालन चौकोनी आहे. त्याच्या वर सोनेरी घुमट, घुमटाच्या तळाशी रंगीत काचांच्या लहान खिडक्या. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या संगमरवराची नक्षी आणि मध्ये काळ्या दगडाचा उथळ हौद; त्यातून पाण्याची एकच बारीक धार वर उडते. बाजूच्या खोलगट जागांत बसायला बैठका आणि त्यांच्या खिडक्यांना लाकडी जाळ्या. आत येण्याच्या वाटेवर, डोक्याच्या वर, कुराणातल्या आयती लिहिलेल्या टाइल्सचा लांब पट्टा आहे. उजेड वरून गाळून येतो, खालून पाण्यावरून परततो, आणि टाइल्सच्या झिलईवर हलत राहतो. ही सगळी योजना उजेड कमी ठेवण्याची आहे. भर उजेडात या टाइल्स नुसत्या सुंदर दिसल्या असत्या. मंद उजेडात त्यांचा निळा रंग खोल होत जातो. घराच्या बाकीच्या भागात उजेड मोकळा आहे, म्हणून हा फरक अंगावर येतो.

टाइल्स सगळ्या एका जातीच्या नाहीत. बऱ्याचशा दमास्कसच्या, काही तुर्कस्तानातल्या इझ्निक गावच्या, आणि काही त्याहून जुन्या, इराणी. इझ्निकच्या टाइलचा गाभा साध्या मातीचा नसतो. तो मुख्यतः दळलेल्या गारेचा असतो. त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ हात, त्यावर नक्षी, आणि सर्वांवर काचेसारखी पारदर्शक झिलई. रंग झिलईच्या खाली असल्याने तो पाण्याखालच्या वस्तूसारखा दिसतो. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून इझ्निकच्या कारागिरांना एक दाट तांबडा रंग साधला. तो इतका जाड बसतो की बोट फिरवले तर उंचवटा लागतो. दमास्कसच्या कारागिरांकडे हा तांबडा नव्हता. त्यांनी गडद निळा, फिरोजी, पिस्त्यासारखा हिरवा आणि जांभळट रंग वापरले. त्यांची झिलई बऱ्याचदा तडकलेली, थोडी ओघळलेली असते. तज्ज्ञ इझ्निकच्या सफाईला वरचा मान देतात. पण अरब हॉलमध्ये उभे राहिल्यावर दमास्कसची ही किंचित ढिली, पाणीदार रंगसंगतीच मनात जास्त राहते. ट्यूलिप, कार्नेशन, द्राक्षांचे वेल, उंच सुरू, फुलदाण्या, आणि करवती कडांची लांब वळलेली पाने, ही नक्षी एका टाइलवरून दुसऱ्या टाइलवर वाहत जाते.

काही टाइल्सवर पक्षी आहेत. त्या जवळून निरखल्या, तर पक्ष्यांच्या गळ्यावरून झिलई मुद्दाम टोचून उडवलेली दिसते. सजीवांची चित्रे काढणे धर्माला धरून नाही, असे मानणाऱ्या कुणा जुन्या मालकाने पक्ष्यांचे गळे असे प्रतीकात्मक कापले, म्हणजे ते सजीव राहिले नाहीत. टाइल भिंतीवर राहिली, नियमही पाळला गेला. लंडनच्या भिंतीवर बसवताना या खुणा बुजवल्या नाहीत, हे फार बरे झाले. या टाइल्स लेटनच्या आधी दुसऱ्या कुणाच्या घरात, दुसऱ्या श्रद्धेच्या सावलीत जगल्या होत्या, याचा तो पुरावा आहे.

एवढा जमवलेला माल अर्थातच अखंड नव्हता. कुठे कोपरा तुटलेला, कुठे वेलीचा मधलाच तुकडा नाही, कुठे पट्टा भिंतीपेक्षा आखूड. ही जुळवाजुळव विल्यम डी मॉर्गनने केली. नक्षीकार विल्यम मॉरिसच्या वर्तुळातला हा कारागीर तेव्हा चेल्सीत स्वतःची भट्टी चालवत होता. अरब हॉलमध्ये त्याने जुन्या टाइल्सची मांडणी केली आणि जिथे उणे होते तिथे नव्या टाइल्स करून बसवल्या. पुढे फुलापानांचे नमुने टाइलवर उतरवण्यासाठी त्याने एक खास रीत वापरली. नक्षी पातळ कागदावर रंगवायची, तो कागद टाइलवर चिकटवायचा, वरून झिलई द्यायची आणि भट्टीत घालायचे. कागद जळून जातो, रंग मागे राहतो. त्यामुळे एकच नमुना अनेकदा काढता येई आणि तरी प्रत्येक टाइल हाताने रंगवलेली राही. अरब हॉलमधल्या त्याच्या टाइल्स सहज ओळखू येत नाहीत. बारकाईने पाहिले तर कुठे निळा थोडा वेगळा, कुठे रेषा थोडी जास्त सावध. घुमटाची भव्यता चटकन डोळ्यांत भरते, पण या दालनाचा खरा पराक्रम डी मॉर्गनच्या जोडकामात आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या, नाव न ठेवून गेलेल्या कारागिरांच्या हाताशी त्याने आपला हात मिळवला आणि स्वतः मागे राहिला.

टाइल्सच्या वर भिंतीला सोनेरी मोझेइकचा पट्टा फिरतो. त्याची चित्रे वॉल्टर क्रेनची, काम व्हेनिसमध्ये झालेले. हरणे, पक्षी, काल्पनिक प्राणी अशी त्यातली रचना आहे. स्तंभांच्या शिरोभागांच्या कोरीव कामासाठी चित्रकार रँडॉल्फ काल्डेकॉट आणि शिल्पकार एडगर बोम यांची मदत घेतली. काल्डेकॉटने तिथे पक्षी बसवले. काल्डेकॉट आणि क्रेन दोघेही मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी घराघरांत माहीत होते. क्रेन नंतर १९०६-०७ मध्ये भारतात फिरून गेला आणि त्याने त्या प्रवासावर सचित्र पुस्तक लिहिले.

एक प्रश्न इथे टाळता येत नाही. या टाइल्स मुळात कुणाच्या तरी भिंतींवर होत्या: घरांच्या, मशिदींच्या, थडग्यांच्या. युरोपीय ग्राहक वाढले तशा त्या भिंतींवरून निघून बाजारात येऊ लागल्या. अनेक जुन्या इमारती तेव्हा दुर्लक्षित होत्या हे खरे, पण मागणीने त्यांच्या पडझडीला हातभार लावला हेही खरे. ऑटोमन सरकारने १८८४ च्या कायद्याने पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. तोवर अरब हॉल उभा राहिला होता. दालनाच्या सौंदर्याने हा प्रश्न मिटत नाही, आणि प्रश्नामुळे सौंदर्य उणावतही नाही. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर आहेत.

अरब हॉलकडे जाताना जो मधला चौक लागतो त्याला ‘नार्सिसस हॉल’ म्हणतात. पॉम्पेईत सापडलेल्या कांस्यमूर्तीची प्रतिकृती तिथे मध्यभागी आहे, तिच्यावरून हे नाव. इथल्या भिंती मोरपंखी निळ्या, नक्षी नसलेल्या टाइल्सनी मढवल्या आहेत. त्या सगळ्या डी मॉर्गनच्या. नुसता रंग, तोही सपाट नाही, प्रत्येक टाइलवर थोडा गडद-फिका झालेला. पुढच्या दाट नक्षीआधी डोळ्यांना ही एकरंगी विश्रांती मिळते. घराच्या मांडणीतली समज इथे दिसते: साधी भिंत, मग रंग, मग नक्षी. आतली दारे काळी असून त्यांवर सोनेरी रेषांची कोरीव नक्षी आहे. वरच्या मजल्यावरून अरब हॉलमध्ये डोकावणारा एक जाळीदार झरोका आहे. तो कैरोहून आणलेला. बैठकीच्या खोलीत लेटनने फ्रेंच चित्रकार कोरोची दिवसाच्या चार प्रहरांची चार चित्रे लावली होती. ती आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. १८८९-९० मध्ये लंडनच्या हिवाळी धुक्यासाठी काचेची ‘विंटर स्टुडिओ’ ही खोली लोखंडी खांबांवर उभारली, आणि १८९४-९५ मध्ये भिंतींना हिरवे रेशीम लावलेली ‘सिल्क रूम’. तीच शेवटची भर.

लेटनच्या आसपास चित्रकारांची वस्तीच जमली होती. शेजारचे घर व्हॅल प्रिन्सेपचे; त्याचा जन्म कलकत्त्याचा आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराचे भव्य चित्र काढायला त्यालाच बोलावले होते. जवळच्याच मेलबरी रोडवर वास्तुविशारद विल्यम बर्जेसने स्वतःसाठी ‘टॉवर हाऊस’ बांधले, मध्ययुगीन किल्ल्याच्या धर्तीचे. या बर्जेसचे मुंबईशी नाते आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या इमारतीचे आराखडे त्याने १८६५ च्या सुमारास केले होते. ती इमारत झाली नाही, पण ते आराखडे घेऊन मुंबईला आलेला त्याचा शिष्य विल्यम इमर्सन इथे राहिला आणि त्याच्या हातून क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. जे. जे. मध्ये पुढे १८७० च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरीने मातीकामाची शाळा चालवली आणि तिच्यासाठी सिंधमधले कुंभार आणले. म्हणजे लंडनमध्ये दमास्कसच्या निळ्या टाइल्स भिंतीवर चढत होत्या, त्याच दशकात मुंबईत सिंधी निळाईची भांडी भट्टीतून निघत होती. हॉलंड पार्क परिसरातच हॅल्सी रिकार्डोने १९०५ ते १९०७ मध्ये बांधलेले डेबनम हाऊस आहे; तिथे डी मॉर्गनच्या टाइल्स लपवलेल्या नाहीत, घराच्या बाहेरच्या भिंतींनाही झिलईदार विटांचा हिरवा-निळा साज आहे. लेटन हाऊसच्या अगदी उलट स्वभावाचे हे घर.

लेटनला २४ जानेवारी १८९६ रोजी लॉर्डपद मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला. ब्रिटिश इतिहासात एवढे अल्पायुषी लॉर्डपद दुसरे नाही. त्याचा संग्रह त्याच वर्षी लिलावात विकला गेला. चित्रे, गालिचे, भांडी जगभर गेली. टाइल्स भिंतीत बसवलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. घर सार्वजनिक करण्यासाठी त्याच्या बहिणींनी आणि स्नेह्यांनी खटपट केली आणि १९२० च्या दशकात ते स्थानिक नगरपालिकेच्या ताब्यात आले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी त्याचे नुकसान झाले. नंतरच्या दुरुस्त्यांत बऱ्याच खोल्या पांढऱ्या रंगवून प्रदर्शनासाठी वापरल्या गेल्या आणि घराचे मूळ रूप झाकले गेले. ते परत आणण्याचे काम मुख्यतः २००८ ते २०१० या काळात झाले: जुनी वर्णने आणि छायाचित्रे पाहून रंग, कापड आणि सोनेरी मुलामा पुन्हा चढवला.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दुसरा मोठा टप्पा पूर्ण झाला. विंटर स्टुडिओखालचे लोखंडी खांब पुन्हा मोकळे झाले, पूर्वेकडचा जोडभाग नव्याने बांधला आणि त्यातल्या वळणदार जिन्याच्या भिंतीवर इराणी चित्रकार शहरजाद गफारी यांनी फिरोजी रंगात अक्षरवळणांचे भित्तिचित्र काढले. नव्या दालनांतले काही लाकडी सामान जॉर्डनमधल्या अम्मान शहरातल्या कारागिरांनी घडवले. त्यांत युद्धामुळे देश सोडावा लागलेले सीरियन सुतारही होते. केन्सिंग्टन आणि चेल्सीची नगरपालिका हे घर संग्रहालय म्हणून चालवते. तिच्याच देखरेखीखाली थोड्या अंतरावर ‘पंच’ साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार लिन्ली सँबर्न याचे घरही खुले आहे. सुखवस्तू व्हिक्टोरियन कुटुंब रोजच्या व्यवहारात कसे राहत असे ते तिथे दिसते, म्हणून दोन्ही घरे जोडीने पाहण्याची तिथे रीत आहे.